आधी उत्तर, मग दळण

मंडळी, ऐका! हरीचं नाव घेऊन झालं. आता टाळ मांडीवर ठेवा, पाय जरा मोकळे करा, आणि एका माणसाला काय काय मिळणार होतं ते आधी मोजू.

माणूस कोण? हिवरतळ्याचा निवृत्ती काशीद, पिठाच्या गिरणीचा मालक. भुवया पांढऱ्या, मिश्या पांढऱ्या, कानातले केससुद्धा पांढरे — आणि वय किती? चाळीस! अहो, पीठ ते, पीठ! रविवारी अंघोळ केली की गावातली कुत्री त्याला ओळखायची नाहीत, भुंकायची.

या निवृत्तीला एकच पोरगी. वैजयंती नाव, घरात वैजू. पाचवीत होती, आणि जिल्ह्याच्या निवासी विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. ही परीक्षा पाचवीतच द्यायची, एकदाच द्यायची. निवड झाली की पुढचं सगळं शिक्षण तिथं — प्रयोगशाळा, ग्रंथालय, प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक! ही झाली पोरीची मिळकत. आणि बापाची? शाळेच्या भिंतीवर रंगानं नाव लिहिणार : कुमारी वैजयंती निवृत्ती काशीद. मधे कोण बसलंय बघा! बाप बसलाय!

पण याहून मोठी एक मिळकत होती. ती त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. निवृत्तीचा मेहुणा तालुक्याला कचेरीत कामाला. दर दिवाळीला यायचा, अंगाला पीठ लागू नये म्हणून खुर्चीवर पेपर अंथरून बसायचा, आणि विचारायचा, "काय दाजी, अजून पीठच झाडताय का?" त्या मेहुण्याचं तोंड बंद होणार होतं! आता इथले जावई खरं सांगा — मेहुण्याचं तोंड बंद होत असेल तर तुम्ही काय द्यायला तयार व्हाल? बोला की! ... नाही बोलणार. शेजारी बायको बसलीय.

तर मिळकत अशी. आता प्रश्न. आजच्या आख्यानाचा सगळा भार या एका प्रश्नावर आहे : उत्तर बरोबर आलं म्हणजे शिकणं झालं का? सोपा वाटतो ना? हो म्हणायला तोंड उघडलंच होतं काहींनी, मी बघितलं! थांबा. घाई करू नका. घाईचीच गोष्ट सांगतोय.

हिवरतळ्याची शाळा पाचवीपर्यंत. वर्ग पाच, शिक्षक दोन. त्यातले एक गुरुजी कायम कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला. म्हणजे उरल्या कोण? ढवळेबाई! पहिलीच्या पोराचं नाक पुसायचं, तिसरीला पाढे घालायचे आणि तेवढ्यात पाचवीला अपूर्णांक शिकवायचे. माणूस एक, तोंड एक. करणार काय? बाईंनी डोकं लढवलं. पाचवीचा धडा त्या आदल्या रात्री फोनवर बोलून ठेवायच्या — चित्रं काढून, खाली अक्षरं लिहून — आणि पालकांच्या गटावर टाकायच्या. संध्याकाळी घरी ऐका, गृहपाठ सोडवा, फोटो पाठवा.

आता तुम्हाला वाटेल, बुवा आता मोबाईलला शिव्या घालणार. नाही घालणार! उगाच का घालू? वर्गात बाईंनी एकदा सांगितलं आणि नाही समजलं, तर पोरगं दुसऱ्यांदा विचारायला भितं. फोनला भितं का? परत लाव — परत सांगतो. आणखी परत लाव — आणखी सांगतो! वैतागत नाही, "काल कुठं उलथला होतास" म्हणून विचारत नाही, शेजारणीच्या पोराचं उदाहरण देत नाही! पृथ्वी फिरताना हिवरतळ्यातल्या कुणी बघितली होती? फोनवर बघितली. बापजाद्यांनी कधी बघितली नव्हती, पोरांनी बघितली. याला मी वाईट म्हणू? जीभ झडेल माझी.

फक्त बाईंनी एक नियम केला. हौसेनं केला, पोरांना गोडी लागावी म्हणून केला. सातच्या आत ज्याचा बरोबर फोटो पहिला येईल, त्याच्या नावापुढं सोनेरी तारा! बस. तेवढाच नियम. आणि या ताऱ्यानं काय ग्रह फिरवले, ते ऐका.

निवृत्तीच्या घरात चांगला फोन एकच. आणि तो संध्याकाळी असायचा कुठं? गिरणीवर! कारण गावात लाईट यायची संध्याकाळी, आणि लाईट आली की गिरणी. त्यामुळं वैजू शाळेतून आली की दप्तर घेऊन थेट गिरणीवर. रिकाम्या पोत्यांवर बसायची, बाईंचा धडा लावायची, वही उघडायची.

आता गिरणीवरची रांग सगळ्यांना माहीत आहे. माणूस उभा राहत नाही, डबा उभा राहतो. आणि त्या रांगेलाही शास्त्र असतं! आधी सगळी ज्वारी, मग बाजरी, मग गिरणीचा दगड झाडून गहू. उपासाची भाजणी असेल तर तिचा मान सगळ्यांत शेवटी, गिरणी पुसून घेतल्यावर. हे शास्त्र निवृत्तीच्या बापानं घालून दिलेलं. ते कधी मोडलं नव्हतं.

एके दिवशी काय झालं — वैजूनं गणित मोठ्यानं वाचलं. "साडेसात फूट लांबीच्या फळीचे सव्वा फुटाचे किती तुकडे होतील?" वाचलं, आणि पेन्सिल दातात धरून विचार करायला लागली. रांगेत हणमंता सुतार बसला होता. फळीचं नाव ऐकल्यावर सुतार गप्प बसेल?

"सहा!" हणमंता म्हणाला. "करवतीत जाईल ते सोडून."

निवृत्तीनं गिरणीतून मान बाहेर काढली. "काय म्हणालास? सहा? वैजे, लिही सहा!"

"आप्पा, मी करत होते की..."

"अगं, झालं की केलेलं! लिही, फोटो काढ, सात वाजायला आलेत!"

फोटो गेला. आणि पाचच मिनिटांत — तारा! वैजयंती निवृत्ती काशीद, पुढं सोनेरी तारा, खाली गावभरच्या पालकांचे जोडलेले हात. निवृत्तीच्या अंगावरून पीठ उडालं हो आनंदानं! त्यानं काय करावं? हणमंताचा डबा उचलला आणि सगळ्यांच्या पुढं नेऊन ठेवला. "घे हणमंता! आज तुझं दळण पहिलं!"

मंडळी, इथं चूक झाली. अशी चूक गिरणीवालाच करू शकतो. दुसऱ्या कुणाकडं द्यायला काही नसतं, याच्याकडं रांगेतला नंबर होता!

दुसऱ्या दिवशी गिरणीवर गर्दी बघा. दळण मूठभर आणि माणसं घरभर! जो तो वैजूच्या तोंडाकडं बघतोय. पोरीनं प्रश्न वाचायचा अवकाश, की चहूकडून उत्तरं! "बेचाळीस!" "नाही, चोवीस!" "अहो आधी गुणा, मग वजा करा!" आणि निवृत्ती मधे उभा राहून न्यायनिवाडा करणार. उत्तर बरोबर — डबा पुढं! गावात म्हण— छे, नियमच पडला : आधी उत्तर, मग दळण.

आणि या सगळ्यात सरस कोण निघाली, माहीत आहे? अनुसया आक्का! सत्तरीची म्हातारी, दातांचा पत्ता नाही, जन्मभर अंगठा उठवलेला. पण रोज डबा घेऊन फोनच्या शेजारी फतकल मारून बसायची. "वैजे, ते बाईचं परत लाव गं." वैजू लावायची. "आणखी एकदा लाव." आणखी लावायची. महिनाभर बाईंचा आवाज आणि त्याखालची अक्षरं बघून बघून आक्का एक दिवस ओरडली, "अगं, हा 'क' नव्हं का? हा आपल्या रेशनच्या दुकानावरचा 'क'!" बघा! शाळेनं जिला सत्तर वर्षांत आत घेतलं नाही, तिच्यापर्यंत शाळा गिरणीवर चालत आली. कशानं आली? फोननं आली!

तर आक्का अशी तयार झाली, की हणमंताचा नंबर मागं पडायला लागला. हणमंता चिडायचा. "आक्का, तुला घरी एकटीला दळण लागतंय किती? रोज काय आणतीस?"

"कालचंच पीठ पुन्हा आणते," आक्का म्हणाली. "तुझं काय जातं? बारीक होतंय!"

आणि रांगेचं शास्त्र? ते गेलं उडून! उत्तरावर डबे पुढं जायला लागल्यावर बाजरीनंतर गहू, गव्हानंतर ज्वारी, ज्वारीनंतर हरभरा. त्या हंगामात हिवरतळ्यात एकाही घरात पांढरी चपाती झाली नाही. सासवा सुनांना बोलतायत, सुना नवऱ्यांना बोलतायत, आणि नवरे म्हणतायत, "गप खा, काटकोन त्रिकोणाची चपाती आहे!" कहर झाला एकादशीच्या आदल्या दिवशी. आक्कानं भाजणी आणली होती, रांग संपून गिरणी पुसेपर्यंत थांबणार होती. पण कोनाचं गणित तिला आलं, तोंडातून उत्तर निसटलं, आणि निवृत्तीनं जोशात तिचा डबा हणमंताच्या बाजरीवरच ओतला!

दुसऱ्या दिवशी आक्का गिरणीवर हजर. "निवृत्ती, एकादशीला बाजरी चालती व्हय रं?"

निवृत्तीनं कान धरले. "चुकलं आक्का."

आक्का म्हणते, "उपास मोडला तो मोडला. पण कोन माझा बरोबर आला होता, हे देवाला सांगशील!"

— ओ, त्या खांबाजवळचे पाहुणे! हात दुखला असेल, फोन खाली करा. मघापासून कीर्तन भरून घेताय. घरी जाऊन निवांत ऐकणार ना? मग आत्ता इथं कोण बसलंय? अहो, मी टोचून नाही बोलत, विचारतोय! भरून घेतलं की आलं, असं वाटतं ना आपल्याला? फोनमध्ये आलं ते आपल्यात आलं, असं वाटतं ना? बघा आता पुढं काय होतंय.

इकडं तारे पडतायत. रोज तारा! निवृत्ती रोज त्याचा फोटो काढून मेहुण्याला पाठवायचा. मेहुणा पहिल्यांदा म्हणाला, "वा दाजी." मग नुसता अंगठा पाठवायला लागला. मग तोही बंद झाला. निवृत्तीला वाटलं, झालं! बंद झालं तोंड! परीक्षेच्या आधीच अर्धी मिळकत पदरात पडली!

आणि वैजू? मंडळी, एवढ्या गोंधळात वैजूकडं कुणाचं लक्ष आहे का? तुमचं होतं का? खरं सांगा! तुम्हीसुद्धा आक्काला हसत बसलात.

वैजू सुरुवातीला प्रयत्न करायची. कानांवर हात ठेवून बोटं मोजायची. एकदा तर वही घेऊन गिरणीमागं चिंचेखाली जाऊन बसली. निवृत्ती तिथं शोधत गेला. "अगं, इथं काय करतीस? लोक खोळंबलेत!"

"आप्पा, मला थोडा वेळ द्या. येतंय मला. अर्धं आलंय."

"अर्ध्याला तारा देतात व्हय बाई? तू विचार करत बसशील आणि माळ्याच्या पोराचा फोटो आधी जाईल! चल, आक्काला आलंय ते."

आता निवृत्ती काय वाईट बाप होता का? पोरीवर जीव होता त्याचा. तिच्यासाठी गिरणीवर खास बल्ब लावला होता, खारीक-खोबऱ्याचा डबा ठेवला होता. सगळं दिलं त्यानं पोरीला. एक गोष्ट तेवढी दिली नाही — चुकायला वेळ!

मग वैजूनं चिंचेखाली जाणं सोडलं. मग बोटं मोजणं सोडलं. पुढं पुढं प्रश्न मोठ्यानं वाचायचा, मान वर करायची, रांगेकडं बघायचं, कुणीतरी सांगेल ते लिहायचं. अक्षर मात्र असं सुरेख झालं पोरीचं — मोत्याचे दाणे! होणारच. दुसरं काम काय होतं तिला?

प्रवेश परीक्षेला महिना उरला, तेव्हा ढवळेबाईंनी ठरवलं, गावासमोर एक तोंडी परीक्षा घ्यायची. पोरांची भीड चेपेल, पालकांना हुरूप येईल. शनिवारी सकाळी शाळेच्या ओसरीत सतरंजी अंथरली. पोरं पुढं, पालक मागं. निवृत्ती अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला — लोकांनी ओळखलंच नाही! शेजारी आक्का, तिच्या पलीकडं हणमंता. गिरणीवरची अख्खी रांगच उठून आली होती म्हणा ना.

बाई म्हणाल्या, "पहिला प्रश्न आपल्या ताऱ्यांच्या राणीला. वैजयंती, उभी राहा. एका टाकीचा तीन चतुर्थांश भाग भरलाय आणि टाकीत साठ लिटर पाणी आहे. तर पूर्ण भरल्यावर किती पाणी बसेल?"

वैजू उभी राहिली. तिनं प्रश्न नीट ऐकला. आणि मंडळी, तिनं मान मागं वळवली.

तिचा काही कावेबाजपणा नव्हता हो त्यात! सवय होती. प्रश्न आला की मागं बघायचं. तिथं रांग असते, रांगेत उत्तर असतं.

मागं आक्काचे ओठ हलत होते. हणमंता बोटांवर बोटं मारत होता. निवृत्तीला उत्तर येत होतं का? येत होतं! सहा महिने गिरणीवर तोच तर पाचवी शिकला होता! त्याच्या गळ्यापर्यंत आलं होतं. पण पोरीनं त्याच्याकडं असं बघितलं — वाट बघत, भरवशानं, जसं तहानलेलं माणूस माठाकडं बघतं तसं. त्याला एकदम कळलं, की या पोरीजवळ उत्तर नाही. उत्तर कसं काढायचं तेही नाही. ते सगळं आपण गिरणीवर वाटून टाकलंय.

"वैजयंती, इकडं बघ," बाई म्हणाल्या. "घाई नाही. पाव भाग किती होईल?"

वैजूनं बाईंकडं बघितलं. मग पुन्हा मागं.

आक्काला राहवलं नाही. "बाई, ऐंशी! पावाला वीस, चार पाव ऐंशी!"

सगळी ओसरी हसली. आक्काही हसली. मग तिनं वैजूचा चेहरा बघितला आणि पदर तोंडावर धरला. पोरीच्या डोळ्यांतून पाणी नव्हतं आलं. नुसती खाली बसली आणि सतरंजीचा दोरा ओढत राहिली.

बाईंनी सगळ्यांना जायला सांगितलं आणि निवृत्तीला थांबवून घेतलं. "काशीद, गृहपाठ कोण करतं?"

निवृत्ती इस्त्रीच्या शर्टाकडं बघत म्हणाला, "गाव करतं, बाई."

"आणि वैजू?"

"लिहिते."

बाई म्हणाल्या, "माझंही चुकलं. पहिल्याला तारा द्यायचं मीच ठरवलं. मी उत्तर बघत बसले, ते काढलं कुणी ते बघितलं नाही."

मंडळी, चूक कबूल करणारी बाई बघितली की मला नमस्कार करावासा वाटतो. आपल्यात किती जण करतात? निवृत्तीनं केली का? छे! संध्याकाळी तो गिरणीवर आला तो तणतणत. "या फोननं वाटोळं केलं! याला दळूनच टाकतो!" म्हणाला, आणि चालू गिरणीच्या तोंडावर फोन धरला! बघा, माणूस किती हुशार! जीभ आपली सैल सुटली, आणि शिक्षा कुणाला? फोनला!

आक्कानं त्याचं मनगट धरलं. "खबरदार! माझे दशांश राहिलेत अजून!"

"आक्का, पोरगी बुडाली माझी!"

"फोननं बुडवली व्हय? फोन म्हणाला होता, हणमंताचा डबा पुढं घे? फोन परत परत सांगत होता रं, मी ऐकत होते ना! आपणच तिला ऐकू दिलं नाही. त्यात मी पण. आण तो इकडं, फुंकर मार, पीठ गेलंय त्याच्यात."

त्या संध्याकाळी गिरणीवर नवा नियम झाला. आणि काय नियम, ऐका : जो गप्प बसेल, त्याचा डबा पुढं!

हसताय? सोपं वाटतं? करून बघा! उत्तर येतंय, जिभेवर नाचतंय, आणि गप्प बसायचं! हणमंताला पहिल्या दिवशी जमेचना. तो उठून रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला, तिथून भिंतीकडं तोंड करून "छत्तीस, छत्तीस" पुटपुटत होता. आक्का तोंडात सुपारी धरून बसायची. आणि सगळ्यात वाईट हाल निवृत्तीचे! पोरगी सातनं गुणायच्या जागी सात मिळवतेय, समोर दिसतंय, आणि बाप मिशी चावतोय. पिठासकट!

एकदा त्याच्या तोंडून निघालंच, "अगं, हातचा—"

"आप्पा!" वैजू ओरडली. "तुमचा डबा मागं!"

रांग खदखदून हसली. निवृत्तीचा स्वतःचा डबा, स्वतःच्या गिरणीवर, शेवटी गेला!

तारे? तारे गेले हो माळ्याच्या पोराकडं. वैजूचा फोटो साडेसातला जायचा, आठला जायचा, त्यात चुका. बाई तांबड्या रेघा मारून परत पाठवायच्या. मग वैजू बाईंचा धडा परत लावायची, थांबवायची, परत लावायची. तोच फोन बरं का! तोच धडा! फक्त आता तो ऐकणारी एकटी होती. मेहुण्याचा निरोप आला, "काय दाजी, तारा विझला का?" निवृत्तीनं वाचला आणि फोन पोरीच्या हातात दिला. पुढचा धडा ऐकायचा होता तिला.

पण मंडळी, परीक्षा काय आपल्यासाठी थांबते? महिना तो केवढा! सहा महिने दुसऱ्यांनी चालवलेले पाय एका महिन्यात कसे पळणार? परीक्षा झाली. निवृत्ती जिल्ह्याच्या शाळेबाहेर फाटकाला धरून उभा होता. वैजू बाहेर आली.

"किती सोडवलं?"

"अर्धं."

"अर्धंच?"

"विचार करायला वेळ लागतो, आप्पा," वैजू म्हणाली. "पण मागं नाही बघितलं मी. एकदापण नाही."

निवृत्तीनं तिचं दप्तर घेतलं आणि दोघं एसटी स्टँडकडं चालायला लागले.

निकाल लागला तो संध्याकाळी, गिरणीच्या वेळेला. निवड झालेल्यांची यादी बाईंनी निवृत्तीच्या फोनवर पाठवली. निवृत्तीनं वरून खाली वाचली. पुन्हा वाचली. आक्कानं त्याच्या खांद्यावरून वाचली — हो, वाचली! आता येत होतं तिला! एक एक नाव बोट लावून वाचली, शेवटपर्यंत. हणमंतानं आक्काच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं. मागच्याला कळलं, त्याच्या मागच्याला कळलं. अख्ख्या रांगेला उत्तर कळलं.

आणि तेवढ्यात वैजू आली. दप्तर ठेवलं आणि विचारलं, "माझं नाव आहे का?"

मंडळी, ज्या रांगेला पोरीच्या प्रश्नाआधी उत्तर सांगायची खोड होती, ती रांग गप्प. हणमंता डब्याचं झाकण चोळतोय. आक्का गिरणीच्या पट्ट्याकडं बघतेय.

निवृत्तीनं फोन पुढं केला. "तूच बघ, बाळा."

वैजूनं घेतला. वरून खाली, सावकाश, घाई न करता वाचला. मग फोन परत दिला. "नाही," म्हणाली. बस एवढंच. आणि पोत्यांवर जाऊन बसली, वही उघडली, आणि बापाला म्हणाली, "आप्पा, गिरणी चालू करा की. लोक थांबलेत."

तर मंडळी! आपला प्रश्न काय होता? उत्तर बरोबर आलं म्हणजे शिकणं झालं का? आता कुणी तोंड उघडेना! बरं झालं.

आणि हे हिवरतळं कुठं लांब आहे असं समजू नका हं! तुमच्या घरी प्रकल्पाची वही कोण रंगवतं? आई. निबंध कोण शोधतं? फोन. पाठ कुणाला होतो? काकाला! आणि शाबासकी कुणाला? पोराला. पोरगं बिचारं नुसतं सहीपुरतं. घरी जा, पोराच्या हातात फोन खुशाल द्या. बाईंचा आवाज दहादा ऐकू दे, पृथ्वी फिरताना बघू दे. फक्त पोराचं उत्तर अर्ध्यावर असेल तेव्हा आपली जीभ आवरा. मोबाईल बंद करायचं बटण कंपनीनं दिलंय, या जिभेचं बटण देवानं आपल्याच ताब्यात दिलंय. ते दाबा!

चला, जाता जाता हिवरतळ्यात कुणाच्या पदरात काय पडलं, ते मोजून टाकू. अनुसया आक्काला अक्षरं मिळाली. हणमंताला कोन मिळाले. ढवळेबाईंना शहाणपण मिळालं. निवृत्तीला महिनोन्‌महिने सोनेरी तारे मिळाले, रांगेला करमणूक मिळाली, आणि आज तुम्हाला आख्यान मिळालं. सगळ्यांना काही ना काही मिळालं. कुणी काही दिलं नाही, फुकटात झालं, असं वाटतं ना?

दिलं, मंडळी. सगळ्यांच्या वाटचं एकीनंच दिलं. ती पोत्यांवर बसून अजून गणित सोडवतेय.